बिल फाडणाऱ्या बायका

जानेवारी २०२३. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, ओटा पुसून झाला होता, दुसऱ्या दिवशीसाठी मूग भिजत घातले होते, आणि फोनवर एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅम, हे ऐका. आत्ताच्या आत्ता ऐका." खाली एक लिंक. मी स्पॅनिशच्या संध्याकाळच्या बॅचेस घ्यायचे तेव्हाची ही मुलगी, कधी उगाच मेसेज करणारी नाही, म्हणून मी ओल्या हातानेच लिंक उघडली आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

गाणं कोलंबियाच्या गायिका शकीराचं होतं, बिझारॅपबरोबरचं. हा बिझारॅप म्हणजे अर्जेंटिनाचा एक तरुण संगीत निर्माता, ब्युनोस आयरेसजवळच्या रामोस मेहिआ गावचा, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा गॉगल. तो एकेका गायकाला स्टुडिओत बोलावतो, समोर माइक ठेवतो आणि गाण्याला नाव न देता नुसता नंबर देतो. हा नंबर ५३. व्हिडिओत फार काही घडत नाही, एक खोली, एक माइक, मागे तो मशीनवर बसलेला आणि पुढे ती. बस्स. साडेतीन-पावणेचार मिनिटं ती त्या माइकसमोर उभी राहून बोलते. मी गाते म्हणत नाहीये, बोलते म्हणतेय, कारण मला तसंच ऐकू आलं, एखादी बाई खूप दिवस गप्प बसून शेवटी एकदाची बोलायला लागते ना, तसं. पहिल्यांदा मी ते उभ्याने ऐकलं. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसून.

गोष्ट बहुतेकांना माहितीये म्हणून पटकन सांगते. २०१० च्या फुटबॉल वर्ल्डकपचं गाणं शकीराचं होतं, त्याच सुमारास तिची आणि स्पेनचा फुटबॉलपटू जेरार्ड पिकेची ओळख झाली. दोघांचा वाढदिवस एकच, २ फेब्रुवारी, फक्त ती त्याच्याहून १० वर्षांनी मोठी. बार्सिलोनात संसार, दोन मुलगे, आणि जून २०२२ मध्ये आम्ही वेगळे होतोय असं दोघांनी जाहीर केलं. मग पेपरवाल्यांनी जे काय लिहायचं ते लिहिलं, तिसरी व्यक्ती कोण, किती वर्षांची, सगळं. त्या मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिचा या लेखाशी संबंध आहे, पण तिच्या नावाचा नाही.

मला पहिल्यांदा कशाने थांबवलं सांगू? गाण्यात एका जागी ती म्हणते की तू मला सासूची शेजारीण करून गेलास, दारात पत्रकार आणि डोक्यावर इन्कम टॅक्सचं कर्ज ठेवून गेलास. प्रेमभंगाच्या गाण्यांत मी चंद्र ऐकलाय, पाऊस ऐकलाय, रिकामी उशी तर शंभर वेळा ऐकलीये. पण सासू शेजारी राहते आणि टॅक्सची नोटीस आलीये, हे कधी कुणाच्या गाण्यात ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगते, ज्या बाईने संसार मोडताना आतून पाहिलाय तिला विचारा, पहिल्या महिन्यात काय आठवतं. उशी नाही आठवत. गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर इमर्जन्सी नंबर कुणाचा, जॉइंट अकाउंटमधून हप्ता कुठला जातोय, आणि सासूबाई भाजीवाल्याकडे समोर आल्या तर त्यांना "बऱ्या आहात ना" विचारायचं की नाही. त्यांचं-माझं कधी वाकडं नव्हतं, उलट माझ्या बाळंतपणात त्यांनीच डिंकाचे लाडू केले होते, आणि आता त्या कोथिंबिरीची जुडी हातात धरून माझ्याकडे बघत उभ्या. तेव्हा ही ओळ ऐकल्यावर मला वाटलं, या बाईला माहितीये. तिच्याकडे करोडो असतील, पण हे तिला माहितीये.

आणि मग ती ओळ आली जी नंतर टी-शर्टांवर, कपांवर, मोर्च्यांच्या फलकांवर, सगळीकडे छापली गेली. "लास मुहेरेस या नो योरान, लास मुहेरेस फाक्तुरान." बायका आता रडत नाहीत, बायका... आणि इथे मी अडकले.

माझं पोट या भाषेवर चालतं. स्पॅनिश कंपन्यांची कागदपत्रं मी इंग्रजीत आणते, इंग्रजीतली स्पॅनिशमध्ये नेते. त्यातला निम्मा कागद म्हणजे "फाक्तुरा". फाक्तुरा म्हणजे इन्व्हॉइस, बिल. आयुष्यात मी हजारो फाक्तुरा हाताखालून घातल्या असतील, वरती नंबर, तारीख, दोन्हीकडचे टॅक्स नंबर, मालाचं वर्णन, नग, दर, कर, एकूण, आणि खाली पैसे किती दिवसांत भरायचे ते. इतका कोरडा शब्द आहे हा. त्यात कविता नाही, सूर नाही. आणि ही बाई बरोबर तोच शब्द उचलून गाण्याच्या सगळ्यात उंच जागी ठेवते. "पैसे कमावतात" असं म्हणायला स्पॅनिशमध्ये दुसरा सोपा शब्द आहे, तो तिने घेतला नाही. कमावणं वेगळं आणि बिल करणं वेगळं. बिल करायचं म्हणजे आधी लिहून काढावं लागतं की मी काय काय केलं, किती केलं, त्याची किंमत किती, आणि मग ते ज्याच्याकडून येणं आहे त्याच्यासमोर ठेवावं लागतं.

स्पेनमध्ये या क्रियापदाचा आणखी एक रोजचा अर्थ आहे. विमानतळावर काउंटरवर बॅगा चेक-इन करतात ना, त्यालाही फाक्तुरारच म्हणतात. गाणं आलं जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ती दोन्ही मुलांना घेऊन बार्सिलोना सोडून मायामीला गेली. तिच्या मनात हा अर्थ असेल असा माझा दावा नाही, पण त्या बातमीतल्या बॅगा बघताना मला तो शब्द आठवलाच. हिच्या आयुष्यात बॅगेचा एक जुना किस्साही आहे. नव्वदच्या दशकात बोगोटाच्या विमानतळावर तिची सुटकेस चोरीला गेली होती, नव्या गाण्यांचे शब्द त्यात होते. सगळं परत लिहावं लागलं, आणि १९९८ साली आलेल्या त्या अल्बमचं नावच तिने ठेवलं, चोर कुठे आहेत?

मराठीत ही ओळ कशी आणायची यावर मी कितीतरी दिवस घालवले. कुणी पैसे देणार नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं, पण डोक्यातून जाईना. "बायका आता रडत नाहीत, बायका कमावतात" हे तर सरकारी योजनेच्या पोस्टरसारखं वाटतं. "वसूल करतात" म्हटलं की सूड येतो. शेवटी आपला दुकानातला साधा शब्द सापडला, बायका आता रडत नाहीत, बायका बिलं फाडतात. बिलबुकातून कागद टर्रकन फाडून समोरच्याच्या हातात देणं. आणि मग लक्षात आलं की मराठीत बिल फाडण्याचा दुसरा अर्थपण आहे. कुणाच्या तरी नावावर बिल फाडणं, म्हणजे झालेल्या गोष्टीचा दोष त्याच्यावर ढकलणं. संसार मोडला की बिल कुणाच्या नावावर फाटतं हे मी सांगायला नको. हिनेच घर सांभाळलं नसेल, हिलाच करिअर जास्त, हिचंच वय झालं, हिचाच स्वभाव कडक. शकीराच्याही नावावर फाटलं, माझ्याही फाटलं, मी ज्या मजल्यावर राहते तिथल्या दोघींच्याही फाटलंय. स्पॅनिशमध्ये हा दुसरा अर्थ नाही. पण मराठीत ती ओळ म्हटली की आपोआप येतो, की आजवर बिलं आमच्या नावावर फाटत होती, आता बिलबुक आमच्या हातात आहे. भाषांतरात बहुतेक वेळा काहीतरी हरवतं, क्वचित कधी काहीतरी हाती लागतं. हे तसं लागलं.

माझं स्वतःचं सांगते. माझ्या तेव्हाच्या नवऱ्याच्या कंपनीचा माल स्पेन आणि मेक्सिकोला जायचा, आणि तिकडचा सगळा पत्रव्यवहार मी बघायचे. कोटेशन, तक्रारी, माफीची पत्रं, दिवाळी-नाताळच्या शुभेच्छा, रात्री नऊला तिकडचे लोक जेवून ऑफिसात परत यायचे तेव्हाचे फोन, सगळं. नऊ वर्षं. एकदाही बिल केलं नाही, कारण घरचंच काम, आपलंच आहे ना सगळं. मला तसं कुणी बजावलं नव्हतं, मलाच तसं वाटायचं आणि खूप आनंदाने वाटायचं, हे लिहिणं गरजेचं आहे. वेगळे झाल्यावर दोन महिन्यांनी त्याची मेल आली, तीन कागद जोडलेले, "एवढं जरा बघून दे ना, उद्या लागतंय." गाणं ऐकलं त्याच्या साधारण आठवड्यानंतरची ही मेल. मी तिन्ही कागदांतले शब्द मोजले. २,१४० भरले. माझा दर लावला, अर्जंटचे वर २५ टक्के लावले, इन्व्हॉइस तयार केला. नंबरच्या जागी ००१ लिहिताना हात थरथरत होता. रागाने नाही. मला अचानक कळलं की हे नऊ वर्षांपूर्वीपासून लिहिता आलं असतं, आणि तेव्हाच्या एका शब्दाचंही बिल आता होणार नाही.

पैसे आले. वेळेत आले. उत्तरात एक ओळही नव्हती.

२०२४ मध्ये शकीराचा अल्बम आला, त्याचं नाव या ओळीचाच पहिला अर्धा भाग, "बायका आता रडत नाहीत". त्या वेळी एका ब्रिटिश वर्तमानपत्राला तिने सांगितलं होतं की पिकेला फुटबॉल खेळता यावं म्हणून तिने बराच काळ स्वतःचं करिअर बाजूला ठेवलं होतं, प्रेमापोटी खूप काही सोडलं होतं. त्याआधीचा तिचा अल्बम २०१७ चा, म्हणजे मध्ये सात वर्षं. शकीरासारखी बाई, जिचं पहिलं गाण्यांचं रेकॉर्ड १९९१ साली, चौदाव्या वर्षी आलं, तीसुद्धा. आणि गाणं आल्यानंतर दीडेक महिन्याने मेक्सिकोच्या टीव्हीवर ती म्हणाली होती की बाईला पूर्ण व्हायला पुरुष लागतो ही कथा तिने स्वतः खरी मानली होती, भावनिकदृष्ट्या ती पुरुषांवर खूप अवलंबून राहिली. हे ऐकून मला तिच्याबद्दल जास्त जवळीक वाटली. लांडगीण म्हणवून घेणारी बाई (या गाण्यातही ती म्हणते, माझ्यासारखी लांडगीण तुझ्यासारख्यांसाठी नाही) कॅमेऱ्यासमोर बसून हे कबूल करते.

तिची जुनी गाणी मी वर्गात शिकवलीयेत. १९९८ च्या त्याच चोरवाल्या अल्बममध्ये एक गाणं आहे, "सिएगा, सोर्दोमुदा", म्हणजे आंधळी, मुकी-बहिरी. तू समोर आलास की मी आंधळी होते, बहिरी होते, वेंधळी होते, हट्टी होते, अशी विशेषणांची नुसती माळ. स्पॅनिशमधली स्त्रीलिंगी विशेषणं शिकवायला इतकं चांगलं गाणं नाही, बहुतेक "आ"कारान्त, पोरं गाता गाता व्याकरण शिकायची. मी किती वर्षं ते शिकवलं आणि कधी थांबून विचार केला नाही की ही सगळी विशेषणं कसली आहेत. पंचवीस वर्षांनी तीच बाई माइकसमोर उभी राहून सासू, पत्रकार, टॅक्स, सगळं एकेक करून मोजते. आंधळी नाही, बहिरी नाही, मुकी तर नाहीच.

लॅटिन अमेरिकेत अशा गाण्यांना जागा आधीपासून आहे. प्रेमात पोळल्यावर जी जळजळ होते तिला ते "देस्पेचो" म्हणतात, कोलंबियात तर या नावाचा गाण्यांचा अख्खा प्रकार आहे, गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांत वाजणारा. मेक्सिकोत पाकिता ला देल बारिओ होती, २०२५ मध्ये गेली. भारदस्त बाई, चमकत्या कपड्यांत उभी राहायची आणि दगाबाज पुरुषाला "दोन पायांचा उंदीर" म्हणत गायची, मध्येच गाणं थांबवून विचारायची, ऐकतोयस का रे, निकाम्या? समोरचे पुरुषच टाळ्या वाजवायचे. ते उंदराचं गाणं लिहिलं होतं एका पुरुषाने. शकीराच्या गाण्याच्या श्रेयातही तिच्या नावाबरोबर तीन पुरुष आहेत, पण त्यातला सासूचा शेजार कुणाचा आहे ते सांगावं लागत नाही. तिथे ती नावाशी खेळतेही. "शिंतोडे उडाले तर माफ कर" असं म्हणताना शिंतोड्यांचा स्पॅनिश शब्द ती मधोमध तोडते, साल, आणि मग, पिके. मी वर्गात हे फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा पहिल्या बाकावरची काकू-वयाची विद्यार्थिनी उभं राहून हसली होती.

आता जे मला खटकतं ते. तू फेरारी देऊन ट्विंगो (एक छोटी, स्वस्तातली गाडी) घेतलीस, रोलेक्स देऊन कॅसिओ घेतलंस, अशी ओळ आहे. सगळ्यात जास्त गाजलेली. पिके नंतर काही दिवसांत ट्विंगो चालवत आला आणि त्याच्या फुटबॉल लीगच्या कार्यक्रमात कॅसिओची घड्याळं घेऊन बसला, लोक हसले. मला ती ओळ तेव्हाही आवडली नाही, आजही आवडत नाही. एक बाई दुसऱ्या बाईला स्वस्तातलं घड्याळ म्हणते आणि स्वतःला महागातलं, म्हणजे शेवटी दोघीही मनगटावर बांधायच्या वस्तूच ना? मी एक आहे पण बावीस वर्षांच्या दोघींच्या तोलाची, असंही ती म्हणते. वय आणि किंमत, ज्या तराजूत आपल्याला आयुष्यभर तोललं, तोच तराजू हिने उचलला आणि आपलं पारडं जड करून दाखवलं. वेदनेतून आलंय हे समजतं. माझ्याही तोंडून त्या काळात एका मुलीबद्दल असे शब्द गेलेत जे मी माझ्या लेकीसमोर उच्चारणार नाही. पण समजणं वेगळं आणि त्याला बाईची ताकद म्हणणं वेगळं. त्या मुलीने मला लग्नाच्या शपथा दिल्या नव्हत्या. ज्याने दिल्या होत्या, बिल त्याच्या नावाचं.

तरी गाणं पसरलं, आणि कसं पसरलं! पहिल्या २४ तासांत यूट्यूबवर ६ कोटी ३० लाखांच्या वर वेळा बघितलं गेलं, गिनेस बुकात १४ नोंदी झाल्या, अमेरिकेच्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट नवव्या नंबरावर उतरलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेव्हिलला लॅटिन ग्रॅमी झाले तिथे वर्षातलं सर्वोत्तम गाणं म्हणून त्याला बक्षीस मिळालं. ही तारीख १६. आणि २० तारखेला तीच बाई बार्सिलोनाच्या कोर्टात उभी होती, गाण्यातला तोच टॅक्स. २०१२ ते २०१४ चा सुमारे १ कोटी ४५ लाख युरोचा कर चुकवल्याचा आरोप होता, तिने तडजोड केली, ७० लाख युरोच्या वर दंड मान्य केला, मुलांसाठी हे संपवते म्हणाली. हे मी मुद्दाम लिहितेय. हिशोब मागणाऱ्या बाईकडेही कुणाचं तरी येणं निघू शकतं. मी तिला देवी करून कपाटावर ठेवायला बसलेले नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचं आणखी एक गाणं आलं होतं, "एल हेफे", म्हणजे साहेब, मालक. राबणाऱ्या माणसाच्या तोंडचं गाणं, सकाळी उठून कामाला जा, पगार धड मिळत नाही, मालक गाडीतून फिरतो. सगळ्यांनी त्यात परत पिकेच्या घरच्यांना टोमणे शोधले. मला मात्र शेवट लागला. शेवटी ती तिच्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईचं नाव घेते आणि म्हणते, हे गाणं तुझ्यासाठी, तुला कामावरून काढल्याची भरपाई दिली नाही त्यांनी. आणि ती बाई व्हिडिओत आहे.

बायका बिलं फाडतात, हे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर मी होते, माझा लॅपटॉप होता, ००१ होता. ज्या बाईकडे बिलबुकच नाही ती माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. आणि ती कुठे लांब कोलंबियात नव्हती, ती रोज सकाळी पावणेआठला माझीच बेल वाजवत होती. २०२३ च्या मे महिन्यात मी लेकीला घेऊन महिनाभर आईकडे गेले होते. घर बंद. आणि घर बंद म्हणून मावशींचा त्या महिन्याचा पगार मी दिला नव्हता. त्यांचे खाडे नव्हते ते, सुट्टी माझी होती. मी परत आले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, "ताई, जूनपासून धरायचं का मग?" आणि मी हो म्हटलं होतं, सहज, नवऱ्याच्या मेलमधल्या "एवढं जरा बघून दे ना" इतकंच सहज. तेव्हा हे गाणं येऊन चार महिने झाले होते आणि त्या ओळीवर मी चारचौघांत तावातावाने बोलत होते.

"एल हेफे" ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेतून पैसे काढून आणले. मावशी भांडी घासत होत्या. मी म्हटलं, मावशी, हात धुवा जरा. त्यांना वाटलं काही फुटलं की काय. मी पाकीट दिलं, म्हटलं मे महिन्याचे आहेत, राहिले होते, माझं चुकलं. त्यांनी हात पदराला पुसले, नोटा बाहेर काढून मोजल्या, मग परत एकदा मोजल्या, माझ्यासमोरच, अजिबात न संकोचता. मग म्हणाल्या, "मेमध्ये पाचशे वाढवून द्यायचं ठरलेलं ताई. ते यात नाहीत."

खरंच नव्हते. मी आत जाऊन पाचशेची नोट आणली.